खेळाडूंना डी अँड डीचे नियम कसे शिकवावेत: ‘पुस्तक वाचून या’ म्हणण्याआधी

आमच्या टेबलावर आठव्या सेशनलाही एक प्रश्न हमखास यायचा, “मी आता कुठला फासा टाकू?” विचारणारी मैत्रीण मेंढीकोटात कुणी कुठलं पान टाकलं हे शेवटच्या हातापर्यंत लक्षात ठेवते, त्यामुळे स्मरणशक्तीत काही कमी होतं असं नाही. ती विचारायची, मी सांगायचे, “वीसचा टाक आणि पाच मिळव.” ती फासा टाकायची, बेरीज मी करायचे, वार लागला की हुकला तेही मीच सांगायचे. मग एका रविवारी माझा घसा इतका बसला की शब्द फुटेना. ठरलं असं की मी फक्त शत्रू हलवायचे आणि बाकीचं सगळं त्या चौघांनी बघायचं. अर्ध्या तासात खेळ अडकला. आपल्या पात्राचा वार कसा मोजायचा हे एकालाही धड सांगता येईना. चूक माझी होती. विचारल्याबरोबर उत्तर मिळत असेल तर लक्षात कोण कशाला ठेवेल?

तेव्हापासून मी शिकवायची पद्धत बदलली. इथे लिहितेय ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे डी अँड डीच्या, पाचव्या आवृत्तीबद्दल, कारण मी तीच चालवते. (हा रोलप्लेइंग गेम: एकजण गोष्ट आणि शत्रू सांभाळतो, त्याला डीएम म्हणतात, आणि बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात.) गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा १९७४ मध्ये आला. पाचवी आवृत्ती २०१४ ची, आणि तिची सुधारित पुस्तकं २०२४ पासून निघू लागली. तुम्ही दुसरा एखादा रोलप्लेइंग गेम चालवत असाल तर आकडे बदलतील, पण शिकवण्याचा क्रम बहुतेक हाच राहील.

पायरी १: कुठला नियम कुणाचा, ते आधी ठरवा

२०१४ चं प्लेयर्स हँडबुक ३२० पानांचं आहे आणि २०२४ चं ३८४ पानांचं. ते नवीन माणसाच्या हातात देऊन “पुढच्या रविवारपर्यंत वाचून ये” म्हटलं की तो बिचारा सुरुवातीची पानं उत्साहाने वाचतो, मग नावांच्या आणि तक्त्यांच्या गर्दीत हरवतो, आणि आपल्याला काही जमणार नाही अशी समजूत करून घेतो. यातली बरीच पानं त्याच्या कामाचीच नसतात. फायटर (लढवय्या) खेळणाऱ्याला स्पेल्सची, म्हणजे मंत्रांची, यादी नको, विझार्ड (जादूगार) खेळणारीला बार्बेरियन पात्राचा रेज म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी चालतं.

म्हणून कागद घ्या आणि नियमांचे तीन ढीग करा. पहिला सगळ्यांचा. यात फक्त चार गोष्टी: वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला आकडा मिळवायचा आणि तो समोरच्या आकड्याइतका किंवा जास्त आला तर जमलं, आपल्या पाळीत काय काय करता येतं, ॲडव्हान्टेज म्हणजे वीसचे दोन फासे टाकून मोठा घेणं आणि डिसॲडव्हान्टेज म्हणजे लहान घेणं, हिट पॉइंट्स (पात्रात किती जीव उरलाय तो आकडा) शून्यावर आले की पात्र कोसळतं. बस. हे दहा मिनिटांत सांगून होतं.

दुसरा ढीग त्या त्या पात्राचा. रोगचा (Rogue, म्हणजे चोरटं पात्र; आजार नव्हे) स्नीक अटॅक, क्लेरिकचा (पुजाऱ्याचा) ब्लेस, फायटरचा सेकंड विंड. पहिल्या लेव्हलला एका पात्राचं हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या जागेत मावतं. आणि तिसरा ढीग तुमचा, म्हणजे डीएमचा: अंधार, पडणं, विष, आडोसा, बाकी सगळं. या तिसऱ्या ढिगातलं काही खेळाडूला येत नसेल तर चिडू नका. चिडायचंच असेल तर दुसऱ्या ढिगावरून, आणि तेही पाचव्या-सहाव्या सेशननंतर.

पायरी २: पात्र तयार करून हातात द्या

पहिल्या दिवशी पात्र बनवायला बसू नका. ज्याने अजून एकही फासा टाकलेला नाही त्याला “डेक्स्टेरिटी चौदा ठेवू की सोळा” हे ठरवता येणार नाही. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये पाच तयार पात्रं आणि ३२ पानांची छोटी नियमपुस्तिका होती. एवढ्यावर लोक महिनोन्‌महिने खेळलेत. सेट नसेल तर तुम्हीच चार पात्रं बनवा आणि निवडायला द्या. तीन-चार सेशन्सनंतर ज्याला बदलायचंय त्याला स्वतःचं पात्र बनवू द्या, तेव्हा तो योग्य प्रश्न विचारेल.

नवख्याला फायटरच द्यावा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जिला जादूच करायचीय तिच्या हातात तलवार दिलीत तर तिला त्या तलवारीचे नियम शिकण्यात रस कुठून येणार? विझार्ड द्या, पण निवड कमी करा. २०१४ च्या नियमांनी पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे तीन कॅन्ट्रिप्स (हव्या तितक्या वेळा टाकता येणारी छोटी स्पेल्स), पुस्तकात सहा स्पेल्स आणि ती टाकायला दिवसाला दोन स्लॉट्स (संधी) असतात. पहिल्या दोन सेशन्ससाठी त्यातली मॅजिक मिसाइल, शील्ड आणि एक कॅन्ट्रिप एवढीच शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, लिहा. बाकीची पाकिटात घालून ठेवा आणि तिसऱ्या सेशनला द्या.

शीटवर आकडे असे लिहा की वाचूनच काय करायचं ते कळेल. छापील शीटवर ‘स्ट्रेंग्थ १६’ मोठ्या अक्षरात असतं आणि +३ बारीक, त्यामुळे नवीन माणूस फाशात सोळा मिळवतो. मी प्रत्येक शस्त्रासमोर पूर्ण वाक्य लिहिते: “लाँगसोर्ड. वीसचा टाक, ५ मिळव. लागला तर आठचा टाक, ३ मिळव.” ते पाच आले कुठून (ताकदीचे तीन, प्रोफिशियन्सीचे म्हणजे सरावाचे दोन) हे पहिल्या दिवशी सांगायची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या सेशनला कुणीतरी स्वतःहून विचारतं, आणि तेव्हा सांगितलेलं कायम लक्षात राहतं.

फाशांचंही तसंच. सातच्या संचात दहा बाजूंचे दोन फासे दिसायला जवळजवळ सारखे, आणि बारा व वीस लांबून ओळखू येत नाहीत. वीसचा वेगळ्या रंगाचा ठेवा. “लाल टाक” हे कुणालाही कळतं.

पायरी ३: पहिलं सेशन लिंबूटिंबूचं

लहानपणी लपंडावात एखादं लहान मूल लिंबूटिंबू असायचं. ते धावायचं, लपायचं, पकडलंही जायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. महिनाभरात ते नियम न सांगता शिकायचं आणि एक दिवस “मी आता लिंबूटिंबू नाही” म्हणून भांडायचं. पहिलं सेशन पूर्ण टेबलासाठी असं ठेवा, आणि तसं स्पष्ट सांगा: आज कुणी मरणार नाही, आणि पुढच्याची पाळी सुरू होईपर्यंत केलेली चाल परत घेता येईल.

मग प्रसंग असे लावा की एका प्रसंगात एकच नियम येईल. पहिला प्रसंग अगदी बिनधोक: सरायच्या मालकाकडून बातमी काढायची. एकाने वीसचा टाकायचा, शीटवरचा परस्युएशनचा (मन वळवण्याचा) आकडा शोधायचा, मिळवायचा. तुम्ही लक्ष्य मोठ्याने सांगा, “दहा हवेत.” अनुभवी डीएम लक्ष्य लपवतात, त्यात गंमत आहे, पण शिकवताना लपवू नका. आकडा माहीत असेल तर खेळाडू स्वतः बेरीज करून स्वतःच “जमलं!” म्हणतो, आणि तेच तर आपल्याला हवंय. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २० एवढं सांगून ठेवलं की पुढे ते स्वतः अंदाज बांधायला लागतात.

दुसरा प्रसंग दोघांनी मिळून करायचा. जड दरवाजा, गाळात रुतलेली गाडी, काहीही. एकजण मदत करतो, म्हणून दुसऱ्याला ॲडव्हान्टेज. दोन वीसचे फासे टाकले आणि पहिला ४, दुसरा १७ पडला की काही समजावावं लागत नाही. कुणाला गणिताची आवड असेल तर सांगा: +५ घेऊन १५ गाठायचे असतील तर साध्या फाशाने शक्यता ५५ टक्के, ॲडव्हान्टेजने जवळपास ८० आणि डिसॲडव्हान्टेजने ३० च्या आसपास. हे तीन आकडे ऐकल्यावर आमच्याकडचा एक मित्र मदत मागितल्याशिवाय दरवाजाला हातच लावेना.

शेवटी लढाई. चार खेळाडू असतील तर दोन गॉब्लिन पुरे. २०१४ च्या गॉब्लिनची आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ आणि हिट पॉइंट्स ७. दोन्ही आकडे कागदावर लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा.

तीन वेगळे शब्द, एकच फासा

इथे थोडं थांबते, कारण मराठी घरात वाढलेल्या खेळाडूंचा इथेच जास्त गोंधळ होतो. चेक, अटॅक आणि सेव्हिंग थ्रो ही तीन नावं इंग्रजी पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, त्यामुळे ते तीन वेगळे नियम आहेत असं वाटतं. मी असं सांगते: तू काहीतरी करायला बघतोस तो चेक. तू कुणाला तरी मारायला बघतोस तो अटॅक. तुझ्या अंगावर काहीतरी येतंय आणि तू त्यातून वाचायला बघतोस तो सेव्ह. तिन्हीला वीसचाच फासा, तिन्हीत आपला आकडा मिळवायचा. फक्त अटॅकला समोरच्याची आर्मर क्लास गाठायची, बाकी दोन्हींना डीएमने सांगितलेला आकडा.

शीटवरचे शब्द मात्र इंग्रजीच राहू द्या. मी एकदा हौसेने सगळ्याचं मराठीकरण केलं होतं. मग खेळाडूंना शीटवर ‘चापल्य’ शोधताना ‘डेक्स्टेरिटी’ सापडेना. नाव शीटवर आहे तेच ठेवावं आणि अर्थ मराठीत सांगावा, यात सगळ्यांचं भलं.

मराठीत कार्डं किंवा टाचणं करायची असतील तर एक चांगली सोय आहे. सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ म्हणजे पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. ते फुकट उतरवून घेता येतात, आणि मूळ स्रोताचा उल्लेख ठेवून त्यांचा अनुवाद करून वाटताही येतो. त्यात अख्खं पुस्तक नाही, पण शिकवायला लागतं ते जवळपास सगळं आहे.

पायरी ४: पाळीचं कार्ड

प्रत्येकासमोर चार चिठ्ठ्या ठेवा: हालचाल, ॲक्शन, बोनस ॲक्शन, रिॲक्शन. वापरली की पालथी घालायची, आपली पुढची पाळी आली की चारही सुलट्या. कागदाच्या या चार तुकड्यांनी माझं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही भाषणाने केलं नाही. “तू हललीस, आता मारू शकतेस का?” हा प्रश्नच उरत नाही, कारण चिठ्ठी समोर सुलटी दिसते.

दोन गोष्टी मात्र बोलून सांगाव्या लागतात. एक, बोनस ॲक्शन सगळ्यांना आपोआप मिळत नाही. पात्राच्या एखाद्या गुणात किंवा स्पेलमध्ये ‘बोनस ॲक्शन’ असं लिहिलं असेल तरच ती वापरता येते. म्हणून ज्याच्याकडे तसं काही नाही त्याची ती चिठ्ठी सुरुवातीपासून पालथीच ठेवा. दोन, रिॲक्शन दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येते आणि एकदाच. शत्रू आपल्या पल्ल्यातून निघून जायला लागला की त्याच्यावर वार करता येतो, तो या चिठ्ठीवर.

चिठ्ठ्यांचा खरा फायदा मला शील्डच्या वेळी दिसला. हे स्पेल रिॲक्शनवर टाकता येतं आणि आर्मर क्लास पाचने वाढवतं. आमच्या विझार्डची आर्मर क्लास १२. गॉब्लिनचा बाण एकूण १५ आला. मी “लागला” म्हणून नुकसानाचा फासा उचलला, तेवढ्यात तिने समोरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “थांब थांब, माझी ही सुलटी आहे ना? मग शील्ड! बारा आणि पाच सतरा. नाही लागला.” चिठ्ठी पालथी घातली, एक स्लॉट खोडला आणि मग माझ्याकडे बघितलं. हीच ती ‘कुठला फासा टाकू’ विचारणारी मैत्रीण. मी तिला काहीही आठवण करून दिली नव्हती.

पायरी ५: उत्तर देणं थांबवा

सगळ्यात अवघड पायरी, आणि ती डीएमसाठी आहे. “कुठला फासा?” आलं की मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तीनवर कुणीतरी दुसराच खेळाडू सांगतो, किंवा विचारणारा स्वतः शीटकडे बघतो. नाहीच झालं तर उत्तर देण्याऐवजी जागा दाखवा: “शीटच्या उजवीकडे, लाँगबोच्या ओळीत बघ.” सुरुवातीला खेळ सावकाश चालतो. दोन-तीन सेशन्स ते सोसावं लागतं. पण हे प्रेमाने करायला हवं. परीक्षा घेतल्यासारखा आवाज लागला तर माणूस बंद होतो, आणि मग तो नियमच काय, बोलायचाही थांबतो.

कामंही वाटून द्या. एकजण इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा, क्रम लिहील आणि पुढची पाळी पुकारेल. एकजण शत्रूला आतापर्यंत किती नुकसान झालं ते मोजेल. एकाकडे कंडिशन्सचं (पात्राच्या अवस्थांचं) पान: कुणी प्रोन (आडवं पडलेलं) झालं, कुणी पॉयझन्ड (विषबाधा झालेलं), की त्याने दोन ओळी वाचून दाखवायच्या. ज्याच्याकडे जे काम त्याला तो भाग आपोआप पाठ होतो, आणि पाळीची वाट बघताना फोन हातात घ्यायची सवयही कमी होते. दर तीन सेशन्सनी कामं फिरवा.

पायरी ६: सेशनला एकच नवा नियम, तोही जिथे दुखेल तिथे

नियम तेव्हा लक्षात राहतो जेव्हा त्याच्यामुळे काहीतरी ठरतं. कॉन्सन्ट्रेशन घ्या: काही स्पेल्स टाकणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवरच चालू राहतात, आणि मार बसला की ते लक्ष तुटू शकतं. मी ते तीनदा समजावलं होतं आणि तीनदा विसरलं गेलं होतं. मग एक लढाई मुद्दाम तशी रचली. क्लेरिकने ब्लेस टाकला होता, त्यामुळे तिघांनाही प्रत्येक वारात आणि सेव्हमध्ये चार बाजूंचा जादा फासा मिळत होता, आणि त्याच जोरावर ते जिंकत होते. शत्रूंचा तिरंदाज क्लेरिकवरच नेम धरून बसला. पहिला बाण, ७ नुकसान. “कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाक. नुकसानाचं निम्मं किंवा दहा, यातलं जे मोठं ते गाठायचं. सातचं निम्मं तीन, म्हणून दहा.” त्याला १३ आले, वाचला. अख्ख्या टेबलाने श्वास सोडला. पुढच्या बाणाला ८ आले आणि ब्लेस गेला. तिघांनी आपापला चारचा फासा बाजूला ठेवला, तेव्हाचे चेहरे मला अजून आठवतात. पुढच्या लढाईत फायटर न सांगता क्लेरिकच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

रोगच्या स्नीक अटॅकचंही असंच. पाळीत एकदा, फिनेस (चपळाईने चालवायच्या) किंवा लांबून मारायच्या शस्त्राने, आणि ॲडव्हान्टेज असेल किंवा आपला साथीदार शत्रूच्या पाच फुटांत असेल तर. लपायलाच हवं असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अरुंद बोळातली लढाई ठेवा, फायटरला पुढे जाऊ द्या, की रोगला आपला जादा फासा कुठून येतो ते दिसतं.

डेथ सेव्ह, म्हणजे कोसळलेल्या पात्राने जगण्यासाठी दर पाळीला टाकायचा वीसचा फासा, मात्र प्रसंगाची वाट न बघता आधीच सांगा. पात्र कोसळल्यावर त्या खेळाडूला नियम ऐकण्याची मनःस्थिती नसते. दहा किंवा जास्त आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश, तीन यश झाले की जीव स्थिरावला, तीन अपयश झाली की संपलं. १ पडला तर दोन अपयश, २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन उठला.

गैरसमजही वेळीच काढा. इंटरनेटवरच्या गमतींमुळे सगळ्यांना वाटतं की वीस पडला म्हणजे काहीही जमतं. तो नियम अटॅकपुरता आहे. चेकमध्ये वीस म्हणजे फक्त वीस.

वाद झाला तर

नियम शोधायला एक मिनिट. त्यात सापडला तर सापडला, नाहीतर डीएम सांगेल ते त्या दिवसापुरतं खरं. वहीत लिहून ठेवा, घरी बघा आणि पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सांगा, “मागच्या वेळी माझं चुकलं होतं, खरा नियम हा.” डीएमनेच चूक मान्य केली की बाकीच्यांची भीती जाते.

आणि टेबलावर एकाच सालाची पुस्तकं ठेवा. २०१४ च्या नियमात हीलिंग पोशन पिणं म्हणजे अख्खी ॲक्शन, २०२४ मध्ये बोनस ॲक्शन. हीलिंग वर्ड या जखमा भरणाऱ्या स्पेलने तेव्हा चारचा एक फासा मिळायचा, आता दोन मिळतात. दोघं जण दोन पुस्तकं वाचून आले तर दोघंही बरोबर असतात आणि भांडण मिटत नाही.

ज्याला येतच नाही त्याच्याशी

सगळ्यांसमोर काही बोलू नका. चहाला भेटा आणि विचारा, नेमकं काय अडतंय. मला आजवर मिळालेली उत्तरं अशी: इंग्रजी वाचायला वेळ लागतो आणि सगळे वाट बघतात याची लाज वाटते, भराभर बेरीज होत नाही, शीटवरची अक्षरं बारीक आहेत, आणि एकदा तर, “हे पात्र मला आवडतच नाही, तूच दिलंस म्हणून खेळतोय.” प्रत्येकाला उपाय आहे. मोठ्या अक्षरातलं शीट, आधीच करून ठेवलेल्या बेरजा, मराठी टाचण, दुसरं पात्र. आणि एखाद्याला फक्त गोष्टीत रमायचं असेल, आकडे नकोच असतील, तर शेजारच्याने त्याच्या बेरजा कराव्यात. टेबलावर अशा एका माणसाला जागा असतेच. सगळेच तसे झाले तर मात्र कमी नियमांचा दुसरा खेळ निवडा.

पायरी ७: लेव्हल वाढली की

नवी लेव्हल मिळाली की ज्याची त्याने आपली नवी गोष्ट टेबलाला समजावून सांगायची, दोन वाक्यांत, पुस्तक मिटून. दुसऱ्या लेव्हलला रोगला कनिंग ॲक्शन मिळते, म्हणजे धावणं, निसटणं किंवा लपणं बोनस ॲक्शनमध्ये. तिची पालथी चिठ्ठी त्या दिवशी सुलटी होते, ती तिलाच फिरवू द्या.

पाचव्या लेव्हलला जपून. तिथे एकदम सगळं बदलतं: प्रोफिशियन्सी +२ वरून +३ होते, म्हणजे शीटवरची प्रत्येक ओळ खोडून पुन्हा लिहावी लागते, फायटर एका ॲक्शनमध्ये दोन वार करतो, आणि विझार्डला तिसऱ्या लेव्हलची स्पेल्स मिळतात. त्या सेशनआधी अर्धा तास राखून ठेवा. शीटं पेन्सिलने लिहिलेली असतील तर त्याच दिवशी त्याचं चीज होतं. विझार्ड बहुतेक फायरबॉलच घेईल. त्याला सहा बाजूंचे आठ फासे लागतात आणि सातच्या संचात सहाचा एकच असतो. घरातल्या ल्युडोचे, व्यापाराचे फासे गोळा करून आठ मोजून घ्या आणि तिच्या पुढ्यात आधीच ठेवा.